आधी मुली, मग भिंती : हिंगण्याच्या संस्थेची सव्वाशे वर्षे

१४ जून १८९६ रोजी पुण्यात ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ स्थापन झाली, तेव्हा मंडळीजवळ जागा नव्हती, इमारत नव्हती आणि राहायला येणारी एकही मुलगी नव्हती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष होते, धोंडो केशव कर्वे चिटणीस होते आणि कर्व्यांनी आपल्या शिलकीतून दिलेले एक हजार रुपये होते. आज तीच संस्था ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’ या नावाने ओळखली जाते. बालवर्गापासून अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण ती देते आणि पुण्याबाहेर वाई, सातारा, रत्नागिरी, कामशेत, नागपूर येथेही तिचे काम चालते.

संस्थेचा वैचारिक इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या या स्मरणिकेत तो थोडा वेगळ्या अंगाने, जागेच्या आणि बांधकामाच्या अंगाने, मांडायचा आहे. शाळा शहरातून का हलवली, नवी जागा कशी ठरली, पहिली भिंत कोणाच्या पैशांनी उभी राहिली आणि पुढच्या भिंती कोणत्या क्रमाने आल्या, हे पाहिले म्हणजे संस्थेचा स्वभाव लक्षात येतो. गरज आधी उभी राहिली, मुली आधी आल्या आणि इमारती त्यांच्या मागून आल्या. हा क्रम सव्वाशे वर्षांत फारसा चुकला नाही.

पार्श्वभूमी (१८९६ पूर्वी)

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. गाव दापोली तालुक्यातील मुरूड. परीक्षेला बसण्यासाठी मुरुडाहून साताऱ्यापर्यंत पायी जाणे आणि वय लहान दिसते म्हणून तिथून परत पाठवले जाणे, ही त्यांच्या विद्यार्थिदशेतील गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. मुंबईत शिकून पदवी घेतल्यावर ते तिथेच शिकवू लागले. गावासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला. गावच्या कमावत्या माणसांकडून थोडी थोडी वर्गणी गोळा करायची आणि गावाच्या कामी लावायची, अशी ती योजना होती. थोडक्यांकडून पुष्कळ घेण्यापेक्षा पुष्कळांकडून थोडे घ्यावे, ही संस्थेची पुढची रीत या फंडातच रुजलेली दिसते.

१८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजेच पुढे ‘बाया’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आनंदीबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. या विवाहाची किंमत दोघांना मुरुडात बहिष्काराच्या रूपाने मोजावी लागली. पुनर्विवाहाच्या चळवळीचे काम कर्व्यांनी सुरू केलेच होते, पण त्या कामातून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा थोड्या होत्या आणि शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची गरज असलेल्या असंख्य. अनाथ बालिकाश्रमाची कल्पना या जाणिवेतून निघाली.

१८९६ ते १९०५ : शहरातून माळावर

मंडळी स्थापन झाली त्याच सुमारास पुण्यावर प्लेगची छाया पडली. १८९७ मध्ये शहर अर्धे रिकामे झाले. अशा दिवसांत घरोघर जाऊन वर्गणी मागणे आणि विधवा मुलींच्या आईबापांची मनधरणी करणे सोपे नव्हते. तरी १८९९ च्या सुरुवातीला आश्रम शहरात सुरू झाला.

शहरातल्या जागेच्या अडचणी लगेच दिसू लागल्या. प्लेग दरवर्षी डोके वर काढी. साथ आली की वाडे रिकामे करावे लागत आणि मुलींना कुठे न्यायचे हा प्रश्न पडे. दुसरी अडचण लोकांच्या नजरेची होती. पुनर्विवाह केलेल्या गृहस्थाने विधवांचे वसतिगृह काढले म्हणजे तिथे मुलींची लग्ने लावून देणार, असा समज सर्वत्र होता. आईबाप बिचकत. म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीतले आपले पद सोडले आणि आश्रमाचे काम त्या चळवळीपासून अगदी वेगळे ठेवले. या निर्णयावर मित्रांमध्ये बरीच चर्चा झाली, पण आश्रमावर पालकांचा विश्वास बसला तो यामुळे.

जागेच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांच्याकडून. पुण्यापासून सुमारे चार मैलांवर, मुठा नदीच्या काठच्या हिंगणे बुद्रुक गावी त्यांची जमीन होती. ती सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये त्यांनी संस्थेला दिले. १९०० साली आश्रम हिंगण्याला गेला.

आज या जागेची निवड फार दूरदृष्टीची वाटते, पण त्या वेळी तिच्याविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ होते. गावाला नीट रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल आणि रात्री मिट्ट काळोख. जवळपास ना डॉक्टर, ना बाजार. तरुण विधवा अशा आडबाजूला ठेवायच्या म्हणजे सुरक्षिततेची काळजी वेगळीच. जमेच्या बाजूला मोकळी हवा, साथीपासून अंतर, शहरी नजरांपासून सुटका आणि वाढायला जागा, एवढ्या चार गोष्टी. मंडळीने त्या चार गोष्टींना अधिक महत्त्व दिले आणि उरलेल्या अडचणी कार्यकर्त्यांनी अंगावर घेतल्या.

कोणी कशा घेतल्या हे थोडे तपशिलाने सांगायला हवे. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवीत. संध्याकाळी लागेल ते सामान बरोबर घेऊन पायी हिंगण्याला निघत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे. पोचल्यावर मुलींचा अभ्यास घेत, रात्री तिथेच राहत आणि सकाळी उठून पुन्हा पायी कॉलेजात येत. पुण्यात बाया घर आणि मुले सांभाळीत, शिवाय आश्रमासाठी वर्गणीही गोळा करीत. आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीही कर्व्यांनी आश्रमाच्या नावे केली. घरासाठी ठेवलेला आधार संस्थेकडे गेला याचे बायांना काय वाटले असेल, हे त्यांचे ‘माझे पुराण’ वाचणाऱ्याला समजते.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याच काळात आश्रमात आल्या आणि पुढे त्यांनी आश्रमाची व्यवस्था हाती घेतली. त्या स्वतः विधवा होत्या, केशवपन केलेल्या होत्या आणि लिहायला-वाचायलाही उशिरा शिकलेल्या होत्या. म्हणूनच सोवळ्या घरांतील आईबापांना त्यांच्या देखरेखीखाली मुलगी ठेवणे कमी जड गेले. वर्गणीसाठी त्या गावोगाव फिरल्या. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर यांच्यासारख्या स्त्रिया इथे घडल्या आणि त्यांनी इथेच आयुष्य वाहिले. बाहेरून शिक्षिका आणण्यापेक्षा शिकलेल्या मुलीने शिकवायचे, ही आश्रमाची पद्धत या पहिल्या दशकातच पडली.

ती पहिली झोपडी संस्थेने आजही आवारात जपून ठेवली आहे. पाहणाऱ्याला वाटते, एवढ्याशा जागेत काय काय मावले असेल! शाळा होती, वसतिगृह होते, स्वयंपाकघर होते आणि कर्व्यांचे रात्रीचे बिऱ्हाडही होते. एखाद्या शाळेच्या नियोजनातला सगळ्यात अवघड प्रश्न, म्हणजे थोड्या पैशांत आधी काय बांधायचे, तो इथे फार लवकर सुटला. आधी डोक्यावर छप्पर, मग वर्ग, मग कचेरी.

१९०६ ते १९१५ : एका आवारात तीन संस्था

आश्रम विधवांसाठी होता. मग अविवाहित मुलींच्या शिक्षणाचे काय? बालविवाह ही त्या काळची रीत होती. मुलीला शाळेत आणखी काही वर्षे थांबवायचे तर तिच्या आईबापांना तशी शाळा हवी होती. पण विधवांबरोबर आपल्या कुमारिका एका छपराखाली ठेवायला बहुतेक घरांची तयारी नव्हती. हा पूर्वग्रह तर्काने जाणारा नव्हता. म्हणून ४ मार्च १९०७ रोजी पुण्यात वेगळे ‘महिला विद्यालय’ सुरू झाले. काही वर्षांत तेही हिंगण्याला आले. आता आवारात दोन शाळा आणि दोन वसतिगृहे झाली.

सुरुवातीला विधवा आणि कुमारिका यांच्या राहण्याची सोय वेगळी ठेवावी लागली. पण रोज एकाच अंगणात वावरणाऱ्या मुलींमधले हे अंतर फार काळ टिकले नाही. हळूहळू वर्ग एकत्र झाले. त्या काळातील हा मोठा सामाजिक बदल व्याख्यानांनी आणि ठरावांनी नव्हे, शाळेच्या दैनंदिन व्यवहाराने घडवून आणला.

शिकवणारे कोण, हा तिसरा प्रश्न. पगारी माणसांवर संस्था चालत नाही, मनापासून वाहून घेणारी माणसे हवीत, हे ओळखून १९०८ साली ‘निष्काम कर्ममठ’ स्थापन झाला. जीवन अर्पण करणाऱ्या कार्यकर्त्यांची ती संघटना होती. आश्रम, विद्यालय आणि मठ या तिन्हींचे हिशेब वेगळे, पण काम करणारी माणसे बहुतांशी तीच. अशा व्यवस्थेत कुठे काय घ्यायचे, कोणाचा निधी कशासाठी वापरायचा, याबाबत मतभेद होणे साहजिक होते. ते झालेही. बसून, बोलून त्यांतून वाट काढण्यात आली आणि १९१५ च्या सुमारास तिन्ही संस्था एकत्र आल्या. त्या काळच्या कार्यकर्त्यांचे मोठेपण हे की मतभेदांच्या आठवणी त्यांनी पुढच्या पिढीकडे सोपवल्या नाहीत. काम मात्र सोपवले.

१९१५ सालीच कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९१४ मध्ये, ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले होते. रोजची पायपीट संपली आणि संस्थेला पूर्ण वेळ देणारा चिटणीस मिळाला.

१९१६ ते १९२५ : विद्यापीठाचे माहेर

निवृत्तीनंतर विसावा घेण्याऐवजी कर्वे वयाच्या ५८ व्या वर्षी विद्यापीठाच्या उद्योगाला लागले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली होती आणि १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हा विचार मांडला होता. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. भांडारकर कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू झाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य होते. विद्यापीठाचे पहिले महाविद्यालय, ‘महिला पाठशाला’, हिंगण्याच्या आवारातच भरू लागले. वामन मल्हार जोशी यांच्यासारखे लेखक आणि विचारवंत तिथे शिकवायला आले.

ज्या आवारात सोळा वर्षांपूर्वी एक झोपडी होती, त्याच आवारात आता प्राथमिक वर्ग, माध्यमिक वर्ग, वसतिगृह आणि महाविद्यालय अशी गर्दी झाली. शाळेच्या मुली आणि महाविद्यालयाच्या मुली यांच्या गरजा वेगळ्या होत्या. वाढत्या विद्यापीठाला शहराजवळची स्वतःची जागा हवी होती. पुढे पाठशाला एरंडवण्याला गेली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९३६ साली त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत गेले. लेकीला सासरी पाठवावे तसे हिंगण्याने विद्यापीठ मोठे करून दिले आणि आपण पुन्हा शाळेकडे वळले.

शाळेकडे वळण्याची चिन्हे आधीच दिसू लागली होती. १९१७-१८ च्या सुमारास प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिका शाळा निघाली आणि मुलींसाठी कन्याशाळाही सुरू झाली. पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकण्याच्या ओढीने गेलेल्या या बाईंनी तिथे घरकाम करून दिवस काढले आणि १९२० मध्ये परत आल्यावर आश्रमाचे काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनीच सांगितला आहे.

या काळातील सगळ्यात टिकाऊ बांधकाम दगडविटांचे नव्हते. ती भाऊबीज निधीची प्रथा होती. दिवाळीच्या दिवसांत कार्यकर्ते आणि हितचिंतक पावतीपुस्तके घेऊन घरोघर जात आणि संस्थेतील मुलींसाठी भावाची ओवाळणी मागत. देणाऱ्याने आणे द्यावेत की रुपये, याला महत्त्व नव्हते. पावती सर्वांना सारखीच मिळे. मोठ्या देणगीदाराच्या पैशाने एक इमारत उभी राहते. भाऊबिजेच्या पैशाने हजारो घरांना वाटू लागते की ती इमारत आपली आहे. संस्थेने या दोन्ही पैशांचा मान ठेवला आणि दोन्हींचे हिशेब चोख ठेवले.

१९२६ ते १९४५ : शाखा आणि स्वावलंबन

या दोन दशकांत कर्वे दोनदा परदेशी गेले. १९२९-३० च्या दौऱ्यात ते युरोप, अमेरिका आणि जपान येथे गेले. शिक्षणविषयक परिषदांत त्यांनी भाग घेतला आणि बर्लिनमध्ये त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. त्यानंतरच्या आफ्रिका दौऱ्यात तिथल्या भारतीयांनी त्यांना निधी दिला. त्या निधीचा मोठा भाग विद्यापीठासाठी होता. हिंगण्याची शाळा मात्र पूर्वीप्रमाणे स्थानिक वर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या खांद्यावर चालत राहिली.

या काळात संस्थेचे काम पुण्याबाहेर पसरू लागले. वाई आणि सातारा येथील कन्याशाळा हे त्याचे फळ होय. मुलीला शिकायचे तर पुण्याला यावे, ही अट लहान गावांतील आईबापांना जड होती, म्हणून शाळाच त्यांच्या गावी नेण्याचा हा प्रयत्न होता. भास्करराव कर्वे आणि कावेरीबाई कर्वे यांनी हिंगण्यातील कामाचा मोठा भार उचलला. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, महर्षींनी ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणासाठी एक मंडळ काढले आणि पुन्हा वर्गणीची पेटी घेऊन गावे पालथी घातली.

१९४६ ते १९६५ : सुवर्णमहोत्सव आणि एका युगाचा शेवट

१९४६ मध्ये संस्थेला ५० वर्षे पूर्ण झाली. एव्हाना विधवांसाठीचा आश्रम आणि मुलींची शाळा यांतली सीमारेषा जवळजवळ पुसली गेली होती. अनाथ बालिकाश्रमाचे काम ‘हिंगणे स्त्री शिक्षण संस्था’ या व्यापक नावाखाली चालू लागले. समाजाने विधवांकडे पाहण्याची दृष्टी पुरती बदलली होती असे नाही, पण शिकायला येणाऱ्या मुलींमध्ये विधवांचे प्रमाण कमी झाले होते. संस्था हे आपल्या यशाचे लक्षण मानते.

१९५० मध्ये बाया गेल्या. १९५५ साली महर्षींना पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. जिवंतपणी भारतीय टपाल तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा सत्कार झाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या सन्मानार्थ संस्थेचे नाव पुढे ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’ असे झाले.

संस्थापकाच्या पश्चात अनेक संस्थांची वाढ थांबते. हिंगण्यात तसे झाले नाही, कारण कामाची घडी एका व्यक्तीभोवती बसवलेली नव्हती. आजीव कार्यकर्त्यांची परंपरा, छापील वार्षिक अहवाल आणि नियमित हिशेब यांनी ती घडी टिकवली.

१९६६ ते १९९० : शहर आवारापर्यंत आले

१९०० मध्ये शहरापासून चार मैल दूर असलेले हिंगणे आता शहरात आले. पुण्याची वाढ पश्चिमेकडे होत गेली, एरंडवण्याकडून येणारा रस्ता कर्वे रस्ता झाला आणि हिंगणे बुद्रुक हे कर्वेनगर म्हणून ओळखले जाऊ लागले. प्लेग टाळण्यासाठी निवडलेली जागा आता शहरी मुलींना पायी येण्याजोगी झाली. वसतिगृहातील मुलींबरोबर परिसरातील मुलींची संख्या वाढली आणि संस्थेच्या महिलाश्रम हायस्कूलचे वर्ग भरू लागले.

१९७५ पासून महाराष्ट्रात दहावीची नवी रचना आली. अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा आणि त्यापुढे उच्च माध्यमिक. वर्गांची विभागणी, प्रयोगशाळा, शिक्षकांच्या नेमणुका, सगळे नव्याने जुळवावे लागले. पाचवी ते सातवीचे वर्ग कुठे बसवायचे आणि आठवी ते दहावीला कोणत्या खोल्या द्यायच्या, यांसारखे प्रश्न बाहेरून क्षुल्लक दिसतात. मुख्याध्यापिकांचा दिवस मात्र अशाच प्रश्नांत जातो. या काळातील मुख्याध्यापिका, शिक्षिका आणि सेवक वर्गाची नावे येथे दिली नाहीत, कारण ती यादी फार मोठी आहे आणि त्यातून कोणाचे नाव राहिले तर ते अन्यायाचे होईल. शाळेची ती दशके त्यांनीच पेलली.

१९९१ ते २०२१ : नवी क्षेत्रे

१९९१ मध्ये कर्वेनगरच्या आवारात कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. केवळ मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढण्याची कल्पना तेव्हा देशातही नवी होती. त्यानंतर भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय आले. परिचर्या, फॅशन तंत्रज्ञान, संगणक अशा विषयांच्या संस्था जोडीला आल्या. रत्नागिरीत मुलींसाठी संगणक शिक्षणाची सोय झाली आणि पुढे नागपुरातही अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९९६ मध्ये शताब्दी साजरी झाली आणि त्या वर्षापासून समाजकार्य करणाऱ्या स्त्रियांना बाया कर्वे पुरस्कार दिला जाऊ लागला.

वास्तुकला महाविद्यालयाच्या एका फायद्याविषयी कमी बोलले जाते. एकेकाळी झोपडीत शिकणाऱ्या मुलींच्या संस्थेत आता मुलीच इमारतींचे नकाशे काढायला शिकतात. आनंदीबाई कर्वे प्राथमिक शाळेपासून या महाविद्यालयापर्यंत एका आवारात शिक्षणाची इतकी मोठी साखळी फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

२०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या. साथीतूनच आवार घडवलेल्या या संस्थेचे वर्ग तेव्हा पडद्यावर भरले. घरात एकच मोबाइल आणि भाऊ-बहीण दोघेही शिकणारे, अशा घरांत मोबाइल आधी कोणाच्या हाती गेला, हे शिक्षिकांनी जवळून पाहिले.

आजचे कार्य आणि पुढची बांधणी

आज ज्या शाळेला जुन्या इमारतीच्या जागी नवी बांधायची आहे, तिच्यापुढे कायद्याने आखलेली चौकट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांत ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुख्याध्यापकांसाठी कार्यालय, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे स्वच्छ पाणी, माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण आणि अपंग मुलांना अडथळ्याविना येण्याजाण्याची सोय असायला हवी. या वर्गांसाठी वर्षाला २२० दिवस आणि एक हजार तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. पुणे भूकंपाच्या दृष्टीने तिसऱ्या विभागात येते, त्यामुळे रचनेचा आणि मजबुतीचा विचार अटळ आहे.

पण कायद्यात न लिहिलेल्या काही गोष्टी हिंगण्याच्या इतिहासात सापडतात आणि नवी शाळा बांधणाऱ्या कोणत्याही समितीने त्या लक्षात घ्याव्यात. पहिली, जागा ठरवताना शाळेत येणाऱ्या मुलीची आजची वाट आणि वीस वर्षांनंतरची वाट दोन्ही पाहाव्यात. हिंगण्याची वाट शहराने स्वतःच्या पायांनी जवळ आणली, पण प्रत्येक गावाला ते भाग्य मिळत नाही. दुसरी, बांधकाम चालू असताना शाळा कुठे आणि किती वेळ भरणार, हे नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी ठरवावे. दोन सत्रांत वर्ग भरवायचे असतील तर मुली अंधार पडण्यापूर्वी घरी पोचतील असे वेळापत्रक हवे. तिसरी, निधी टप्प्याटप्प्याने येतो हे गृहीत धरून इमारतही टप्प्यांनी बांधावी. पहिल्या टप्प्यात स्वच्छतागृहे आणि वर्ग असावेत, सभागृह नंतर आले तरी चालते. चौथी, ज्या शिक्षिका रोज त्या इमारतीत राबणार आहेत, त्यांना समितीत बसवावे. पार्वतीबाईंसारखी माणसे शाळा आतून ओळखत, म्हणून हिंगण्याच्या गरजा कोणाला दुरून ठरवाव्या लागल्या नाहीत. पाचवी, देणगी कितीही लहान असली तरी तिची पावती आणि हिशेब द्यावा.

संस्थेची पहिली शंभर वर्षे स्थापनेची, विस्ताराची आणि मान्यतेची होती. पुढची वर्षे देखभालीची आणि नूतनीकरणाची असतील. जुन्या वर्गखोल्या, वसतिगृहे आणि प्रयोगशाळा यांची डागडुजी आणि काही ठिकाणी पुनर्बांधणी हे काम कोणत्याही जुन्या संस्थेला चुकत नाही. त्यात नवी संस्था काढण्याची झळाळी नसते. वर्गात मात्र फरक तिथेच दिसतो.

माजी विद्यार्थिनी, पालक आणि हितचिंतक यांना विनंती अशी : येत्या दिवाळीत कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन आले की त्यांना परत पाठवू नका. ज्यांच्याकडे आश्रमाची, शाळेची किंवा वसतिगृहाची जुनी छायाचित्रे, पत्रे, वह्या किंवा पावत्या असतील, त्यांनी त्या संस्थेच्या कार्यालयात आणून द्याव्यात. आणि आपल्या ओळखीत शिकायची इच्छा असलेली, पण घरची अडचण असलेली मुलगी असेल, तर तिला कर्वेनगरला पाठवा. संस्थेचे काम तिच्यापासूनच सुरू होते.